झोप मोडते ती कोणत्या प्रहरी?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणारे रुग्ण एक नवी गोष्ट दाखवू लागले आहेत. पूर्वी लोक रक्त-लघवीच्या तपासणीचे कागद पुढे करत. आता मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने काढलेला रात्रीच्या झोपेचा रंगीत आलेख मोबाइलवर उघडून दाखवतात. बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ असाच आलेख घेऊन आले. "मॅडम, काल रात्री डीप स्लीप फक्त बावन्न मिनिटं. सुनेची दीड तास असते. माझ्या मेंदूला काही होणार तर नाही ना?" ते साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकतात, पहाटे पाचच्या सुमारास उठतात, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाभोवती फिरायला जातात आणि दिवसभर ताजेतवाने असतात. त्यांना झोपेची तक्रार नव्हती. घड्याळ आल्यावर ती सुरू झाली.

त्यांच्या मागे बाकावर बसलेल्या माणसांनी मात्र त्या दिवशी जवळजवळ एकच वाक्य उच्चारले: "नीट झोप होत नाही, गोळी द्या." त्यांत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा पंचेचाळिशीचा एक कामगार होता, विड्या वळणारी एक बाई होती आणि एक शाळाशिक्षिका होती. वाक्य एकच असले तरी तिघांचे आजार निराळे होते, आणि मागितलेली गोळी दिली असती तर त्यांपैकी एकाच्या जिवाला धोका झाला असता. (या माणसांचे तपशील मी ओळख पटू नये इतके बदलले आहेत.) झोप बिघडते म्हणजे नेमके काय बिघडते आणि ते रात्रीच्या कोणत्या प्रहरी बिघडते, हे कळल्याशिवाय उपचार सुरू करता येत नाहीत. म्हणून आधी झोपेची घडण समजून घेऊ.

झोपेत मेंदू बंद पडत नाही

झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी अवस्था, असे माणसाने हजारो वर्षे मानले. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथमच नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. तेव्हापासून या समजुतीला तडा जाऊ लागला. १९३७ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच लहरींच्या आधारे झोपेचे टप्पे पाडले. पुढे शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की हे विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा लावून रात्रभर नोंदी घेत बसले. मुलगा गाढ झोपलेला असतानाही कागदावरची लेखणी मधूनच जोरजोराने हलू लागे, जणू तो जागा होऊन इकडे-तिकडे पाहत आहे. ॲसेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा शोध जाहीर केला. डोळ्यांच्या जलद हालचालींच्या या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेम' म्हणतात आणि उरलेल्या झोपेला 'नॉन-रेम'.

नॉन-रेमचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा काही मिनिटांचाच असतो. पेंग येते, जिन्यावरून पाय घसरल्यासारखे एकदम दचकायला होते, आणि कोणी हाक मारली तर माणूस "मी जागाच होतो" असे म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात रात्रीचा जवळपास अर्धा भाग जातो. त्यात नाडी आणि श्वास संथ होतात, अंगाचे तापमान उतरते आणि आलेखावर दोन्ही टोकांना निमुळत्या व मध्ये फुगीर अशा लहरींचे छोटे झुपके दिसतात. सूत कातण्याच्या चातीसारखा आकार म्हणून संशोधकांनी या झुपक्यांना 'स्पिंडल' असे नाव दिले. गिरण्यांच्या गावातल्या माणसाला तो आकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिसरा टप्पा खरोखरीच्या गाढ झोपेचा. लहरी उंच आणि संथ होतात, वाढीचे संप्रेरक मुख्यतः याच वेळी स्रवते आणि माणसाला उठवणे कठीण जाते. उठवलेच तर तो काही क्षण गोंधळलेला राहतो.

रेम झोपेची गोष्ट निराळी आहे. तिच्यात मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या चपळ असतात, ठसठशीत स्वप्ने मुख्यतः याच वेळी पडतात, आणि डोळे व श्वासाचा पडदा सोडला तर शरीराचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात. ही तात्पुरती लुळावस्था निसर्गाने केलेली सोय आहे. ती नसती तर स्वप्नात धावणारा माणूस प्रत्यक्ष अंथरुणातून उठून धावला असता. काहींच्या बाबतीत तसे घडतेही, आणि त्याचा अर्थ गंभीर असतो. त्याकडे पुढे येते.

नक्षी तीच, रंगांचे प्रमाण वेगळे

हे टप्पे एकामागून एक येतात, सुमारे नव्वद मिनिटांत एक फेरी पूर्ण होते आणि रात्रीत अशा चार-पाच फेऱ्या होतात. मात्र सगळ्या फेऱ्या एकसारख्या नसतात. एखाद्या चादरीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, पण वरच्या काठाकडे निळा रंग दाट आणि खालच्या काठाकडे लाल रंग दाट, अशी वीण डोळ्यांपुढे आणा. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा रंग दाट असतो. पहिल्या फेरीतील रेम दहाएक मिनिटांचा असतो. पुढे प्रत्येक फेरीत तो वाढत जातो आणि पहाटे अर्धा तास किंवा त्याहून लांबतो.

मराठीत पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. मेंदूच्या आलेखाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी आपल्या भाषेने हा फरक टिपला होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पहाटेची स्वप्ने खरी होतात ही समजूतही याच वस्तुस्थितीभोवती उभी आहे: पहाटे स्वप्नांची झोप अधिक असते आणि माणूस तिच्यातूनच जागा होतो, म्हणून ती स्वप्ने लक्षात राहतात. ती खरी होतात असे मानायला मात्र आधार नाही.

चादरीची ही वीण ध्यानात ठेवली की झोपेच्या आजारांचा अर्धा उलगडा होतो. जे गाढ झोपेतून उद्भवते ते मध्यरात्रीच्या आत घडते, आणि जे रेममधून उद्भवते ते पहाटेकडे. म्हणून "किती तास झोपता?" याआधी "त्रास किती वाजता होतो?" असे मी विचारते.

टाकी आणि भोंगा

झोप केव्हा लागावी हे दोन यंत्रणा मिळून ठरवतात. ॲलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही या शास्त्राचा पाया आहे.

पहिली यंत्रणा घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीसारखी आहे. जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, म्हणजे झोपेची टाकी भरत जाते. झोपलो की ती रिकामी होते. दुपारी दोन तास झोपणाऱ्याने तिचा नळ भरदिवसा सोडलेला असतो, त्यामुळे रात्री दाब उरत नाही. चहा-कॉफीतील कॅफीन टाकी रिकामी करत नाही, ती भरल्याची खूण फक्त मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातील निम्मे कॅफीन अकरा वाजता अंगात असते.

दुसरी यंत्रणा गिरणीच्या भोंग्यासारखी आहे. कामगार दमलेला असो वा नसो, भोंगा आपल्या ठरलेल्या वेळीच वाजे आणि सगळे गाव त्यावर चाले. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका हे काम करतो. त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो आणि सकाळचा उजेड तो रोज जुळवून घेतो. पेशींमधील या घड्याळाची रेण्वीय रचना उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. टाकी भरलेली आणि भोंगा वाजलेला, असे दोन्ही जुळून आले की झोप सहज लागते.

निद्रानाश: कारण संपते, आजार उरतो

आता शिक्षिकेकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या आणि तीन आठवडे रुग्णालयात जागरणे झाली. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, पण सूनबाईंची झोप परतली नाही. मग त्यांनी कोणीही करील तेच केले: झोप पुरी व्हावी म्हणून नऊलाच अंथरूण गाठायचे, रविवारी दहापर्यंत लोळायचे, रात्री दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहायचे आणि "आता फक्त चार तास उरले" असा हिशेब करायचा.

आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ आणि निवांतपणा असूनही झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर उघडते, आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होतो, तेव्हा त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. यातील 'पुरेसा वेळ असूनही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्याला झोपायला पाचच तास मिळतात, त्याची झोप अपुरी आहे; त्याला निद्रानाश नाही.

आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञांनी निद्रानाशाची कारणे तीन थरांत पाहायला शिकवले: मुळातला स्वभाव, झोप उडवणारी घटना आणि आजार टिकवून ठेवणाऱ्या सवयी. शिक्षिकेच्या बाबतीत घटना केव्हाच संपली होती, सवयी मात्र राहिल्या होत्या. रोज तीन-तीन तास अंथरुणात तळमळत पडल्यामुळे अंथरूण आणि जागेपणा यांची गाठ पक्की बसली होती. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर त्यांना पेंग येई आणि पलंगावर आडवे होताच डोळे टक्क उघडत. हे मी त्यांना विचारण्याआधीच त्यांनी सांगितले, आणि निदान तिथेच झाले.

उपचार ऐकून त्या नाराज झाल्या, कारण मी अंथरुणातला वेळ कमी करायला सांगितला. नऊ तास पडून त्यांना साडेपाच तास झोप लागत होती. म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढाच वेळ अंथरूण, आणि काही झाले तरी उठायचे साडेपाचलाच. वीसएक मिनिटे झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, पेंग आली तरच परत जायचे, आणि भिंतीवरचे घड्याळ काढून टाकायचे. पहिला आठवडा कठीण गेला. मग टाकी भरू लागली, झोप सलग झाली, तसा अंथरुणातला वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेला. याला, त्यासोबत झोपेविषयीच्या धास्तावणाऱ्या विचारांवर केलेल्या कामासकट, निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती म्हणतात. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीआधी हाच उपचार द्यावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे. मात्र फेफरे येणाऱ्या किंवा उन्मादाचे झटके येऊन गेलेल्या माणसाने झोप आखडण्याचा हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. अपुऱ्या झोपेने हे दोन्ही आजार उसळतात.

गोळीत एवढे वाईट काय आहे?

हा आक्षेप रास्त आहे, कारण गोळीने झोप लागते हे खरेच आहे. तीव्र दुःखात किंवा संकटात काही दिवसांसाठी ती देणे योग्यही असते. पण बेंझोडायझेपाइन गटातील गोळ्या, ज्यांत सर्वांच्या ओळखीची अल्प्राझोलाम येते, त्या गाढ झोपेचा तिसरा टप्पा कमी करतात. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, तेवढ्याच गुणासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि वृद्ध माणूस रात्री लघवीला उठताना पडून मांडीचे हाड मोडून घेतो. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून आपल्याकडे यातील बऱ्याच औषधांचा समावेश 'एच-वन' या कडक अनुसूचीत झाला. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. तरीही शेजारणीच्या डबीतली अर्धी गोळी घेणे थांबलेले नाही. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांनी हे वाचून ती आजच बंद करू नये. एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवावी लागते.

"गोळीपेक्षा रात्री थोडी घेतलेली बरी," असेही ऐकू येते. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती रात्रीच्या पूर्वार्धात रेम दाबते आणि उत्तरार्धात झोपेचे तुकडे करते, आणि घोरणाऱ्याचा श्वास अधिक अडवते.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

टॉवेल कारखान्यातील कामगार आठ तास झोपत होता. तरी सकाळी डोके जड, दुपारी यंत्रमागासमोर पेंग, घरात चिडचिड, विसरभोळेपणा. दोन गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नव्हता. त्याच्या पत्नीने आदल्या रात्री मोबाइलवर आवाज मुद्रित करून आणला होता. आम्ही तो टेबलावर ठेवून ऐकला. घोरण्याचा आवाज चढत गेला, आणि मध्येच पूर्ण शांतता पसरली. मी घड्याळाकडे पाहत होते. अठ्ठावीस सेकंद काहीच ऐकू आले नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा हिसका, कुशीवर वळल्याची सळसळ, आणि पुन्हा घोरणे. "मला वाटलं, गेलेच हे," त्या हळूच म्हणाल्या. त्या रोज रात्री जाग्या राहून त्याचा श्वास मोजत होत्या.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासनलिकेची वाट बंद होते, याला अडथळ्याचा निद्राश्वासरोध म्हणतात. श्वास दहा किंवा अधिक सेकंद अडला की तो एक प्रसंग धरतात; तासाला पाचपेक्षा कमी प्रसंग असतील तर ठीक, तीस वा त्याहून अधिक असतील तर आजार तीव्र. प्रत्येक प्रसंगात रक्तातील प्राणवायू उतरतो आणि जीव वाचवण्यासाठी मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, इतके थोडे की सकाळी आठवतही नाही. रेममध्ये स्नायू अधिक सैल असल्याने पहाटेकडे हा त्रास बहुधा वाढतो. आता कल्पना करा, या माणसाला झोपेची गोळी दिली असती तर स्नायू आणखी सैलावले असते आणि जाग करणारी शेवटची राखण दुबळी झाली असती. मी सुरुवातीला ज्या धोक्याचा उल्लेख केला तो हाच.

याचे निदान रात्रभराच्या निद्रा-तपासणीने होते. डोके, डोळे, हनुवटी आणि पाय यांवर तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायूचा चिमटा. नोंद तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांची रात्र म्हणजे नऊशे साठ पाने. उपचारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि दारू सोडणे हे आहेच, पण मध्यम ते तीव्र आजारात मुख्य आधार सीपॅप यंत्राचा. नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन वाट उघडी ठेवणारे हे यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. पहिले काही दिवस मुखवटा नकोसा होतो. तेवढे दिवस निभावले की बहुतेकांना फरक जाणवतो.

पायांतली वळवळ

विड्या वळणाऱ्या बाईंना रात्री एकपर्यंत झोप लागत नसे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसणे, मग स्वयंपाक, आणि आडवे झाले की पोटऱ्यांत वळवळ सुरू. "दुखत नाही बाई, पण पाय ठेवू कुठं असं होतं. उठून चाललं की थांबतंय." या एका वाक्यात आजाराच्या चारही खुणा होत्या: पाय हलवण्याची अनावर ओढ, ती विसाव्यात वाढणे, हालचालीने शमणे, आणि संध्याकाळनंतर जोर धरणे. स्वीडनमधील कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये याचे सविस्तर वर्णन करून 'अस्वस्थ पाय' असे नाव दिले.

इथे एक रक्त-तपासणी सगळ्यांनी लक्षात ठेवावी: फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा आटलेला असू शकतो, आणि मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कामाला लोह लागते. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या, गरोदर असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसांत हा त्रास अधिक दिसतो. फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर आधी लोह देतात. सर्दी-खाजेवरची झोप आणणारी काही औषधे आणि नैराश्यावरची काही औषधे यांनी हा त्रास वाढतो, त्यामुळे इथेही आंधळेपणाने दिलेली गोळी उलटू शकते.

छातीवर बसणारा मुंजा, झोपेत चालणारे मूल

पहाटे डोळे उघडावेत, खोली दिसावी, पण हातपाय हलू नयेत, छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटावे आणि ओरडायला आवाज फुटू नये. याला कोणी मुंजा म्हणतात, कोणी बाहेरची बाधा. असा अनुभव सांगणाऱ्याला हसू नये. त्याने ते खरोखर अनुभवलेले असते. घडते ते असे की मेंदू रेममधून जागा होतो आणि स्नायूंची लुळावस्था मिनिटभर मागे रेंगाळते. स्वप्नातली प्रतिमा उघड्या डोळ्यांपुढे तशीच राहते. जागरणाने आणि उताणे झोपण्याने हे वाढते. एरवी निरोगी माणसात त्याला बहुतेक वेळा औषध लागत नाही.

लहान मूल निजल्यावर तास-दीड तासाने उठून चालू लागते किंवा किंचाळते, आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तेव्हा ते गाढ झोपेतून अर्धवट जागे झालेले असते. त्याला हलवून उठवू नका. दार-जिना सुरक्षित करा आणि हळूच परत झोपवा. वाढत्या वयात हे बहुधा आपोआप थांबते.

याउलट पन्नाशी-साठीतला माणूस पहाटे स्वप्नाबरहुकूम लाथा-बुक्क्या मारू लागला, पलंगावरून पडू लागला, तर त्याची रेममधली लुळावस्था सुटली आहे. अमेरिकेतील शेंक आणि मॅहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा आजार वर्णिला. अशा रुग्णांपैकी अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन (कंपवात) किंवा त्याच कुळातील स्मृतिभ्रंश होतो, म्हणून "म्हातारपणी झोपेत बरळतात" म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

मन आधी की झोप आधी?

"झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे कशाला? मी काही वेडा नाही," असे अजूनही लोक म्हणतात. मनाचे आजार आणि झोप यांची वीण इतकी घट्ट आहे की एक धागा ओढला की दुसरा हलतो. नैराश्यात माणूस नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी, तीन-चार वाजता जागा होतो आणि तेव्हा त्याचे मन सर्वांत काळवंडलेले असते. आलेखावर त्याचा पहिला रेम नेहमीपेक्षा लवकर आलेला दिसतो. उलट उन्मादाच्या अवस्थेत माणूस दोन तास झोपून उठतो आणि दमलेला नसतो. हा फरक घरच्यांनी ओळखावा: निद्रानाशात माणसाला झोप हवी असते, उन्मादात त्याला तिची गरजच वाटत नाही. अपघात किंवा अत्याचाराच्या आघातानंतर तेच दुःस्वप्न परत परत येते.

पूर्वी आम्ही निद्रानाशाला नैराश्याचे केवळ लक्षण समजत असू. आता हे स्पष्ट झाले आहे की निद्रानाश असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा संभव सुमारे दुपटीने अधिक असतो. म्हणून मन सुधारेल तेव्हा झोप सुधारेल, असे म्हणत वाट पाहत नाही; दोन्हींवर एकदम उपचार करतो. पहाटे जाग येऊन मरणाचे विचार येत असतील तर सकाळपर्यंतही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.

रातपाळी, पत्रा आणि नळाचे पाणी

झोपेचे नियम सांगताना आमच्या शहराची रात्र विसरून चालत नाही. मागावर बारा तासांची रातपाळी करून सकाळी परतणाऱ्याची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण भोंगा "उठा" असे सांगत असतो. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान उतरावे लागते, आणि रेममध्ये तर शरीर स्वतःचे तापमान नीट सांभाळूही शकत नाही; पारा चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपणाऱ्याची ही गत मी रोज पाहते. परतताना काळा चष्मा, खिडकीवर जाड चादर, ओल्या फडक्याने अंग पुसणे, पाळीला निघण्यापूर्वी अर्ध्या तासाची डुलकी, आणि पाळी बदलायचीच तर दिवसाकडून रात्रीकडे, मागे नव्हे. एवढे सांगता येते. पण पाळ्यांचे वेळापत्रक कामगाराच्या हातात नसते, आणि त्याच्या झोपेची सगळी जबाबदारी त्याच्याच शिस्तीवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

तसेच पाण्याचे. चार-पाच दिवसांनी, अवेळी येणाऱ्या पाण्याच्या रात्री घरातली बाई कान नळाकडे ठेवून झोपते. तिची झोप उठण्याआधीच मोडलेली असते, कारण वाट पाहणारा मेंदू गाढ टप्प्यात उतरायला कचरतो. अशा रात्री घरातल्यांनी पाळी वाटून घ्यावी आणि ज्याची पाळी नाही त्याने निश्चिंत झोपावे.

मग त्या बावन्न मिनिटांचे काय?

मनगटावरचे घड्याळ हालचाल आणि नाडी मोजते. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. एकूण झोप ते बऱ्यापैकी सांगते, टप्पे मात्र अंदाजाने ठरवते. शिवाय वयानुसार गाढ झोप कमी होतच जाते. सुमारे साडेसहा तासांत बावन्न मिनिटे म्हणजे तेरा टक्के. साठी ओलांडलेल्या माणसाला ती पुरेशी आहे, आणि त्यांची तुलना तिशीतल्या सुनेशी होऊच शकत नाही. "आठ तास झालेच पाहिजेत" हाही नियम नव्हे. बहुतेक प्रौढांना सात किंवा अधिक तास लागतात, आणि दिवसा ताजेतवाने वाटणे ही अधिक भरवशाची खूण आहे. आकड्यांच्या काळजीने झोप उडण्याला २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असे नावही दिले. त्या गृहस्थांना मी घड्याळ दोन आठवडे कपाटात ठेवायला सांगितले.

डॉक्टरांकडे येताना आलेखापेक्षा एक साधी वही अधिक उपयोगी पडते. दोन आठवडे रोज सकाळी पाच गोष्टी लिहाव्यात: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा आणि किती वाजता जाग आली, कधी उठलो, आणि आदल्या दिवशी चहा, तंबाखू, दारू, गोळी, दुपारची झोप यांपैकी काय झाले. रात्री घड्याळ पाहून लिहू नये, सकाळी आठवेल तेवढेच लिहावे. आणि शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत आणावे. श्वास अडला होता का, पाय झाडत होते का, पहाटे हात उगारला होता का, यांतले काहीच झोपलेल्या माणसाला ठाऊक नसते. टॉवेलवाल्या कामगाराच्या पत्नीकडे ते अठ्ठावीस सेकंद होते, म्हणून त्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली.